म्हण आली कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत पेशवाईतल्या म्हणींबद्दल विचारणा जास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतामुळे आला का? लढाई १४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्याच दिवशी झाली, असा मजकूर दर वर्षी मोबाइलवर फिरतो. (सातारा)

लढाईची तारीख बरोबर आहे. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. चूक आहे ती पुढच्या अर्ध्या वाक्यात. त्या दिवशी संक्रांत नव्हती, ती चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. कागद-पेन्सिल घेऊन हे कोणालाही पडताळता येईल.

मकरसंक्रांत सूर्याच्या राशीप्रवेशावर ठरते. सूर्य त्याच नक्षत्रस्थानी परत यायला ३६५ दिवस ६ तास आणि सुमारे ९ मिनिटे लागतात. म्हणजे ३६५ दिवसांच्या साध्या वर्षात संक्रांत ६ तास ९ मिनिटांनी पुढे सरकते, आणि लीप वर्षाचा जादा दिवस तिला मागे ओढतो. आता एक पक्की खूण घेऊ. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तिथून १७६१पर्यंत मागे जायचे म्हणजे १०२ वर्षे. १०२ गुणिले ६ तास ९ मिनिटे म्हणजे सुमारे ६२७ तास, म्हणजे २६ दिवसांहून थोडे अधिक. या काळात लीप दिवस आले २४. (१७६४ ते १८६० दर चार वर्षांनी मोजले तर २५ भरतात, पण १८०० हे लीप वर्ष नव्हते. हिशेब चुकतो तो बहुधा इथेच.) २६मधून २४ वजा केले की उरतात दोन दिवस आणि काही तास. १२ जानेवारीच्या तेवढे मागे गेले की १७६१ची संक्रांत ९ किंवा १० जानेवारीला येते.

आज आपण १४ जानेवारी ही संक्रांतीची कायमची तारीख मानतो, म्हणून हा घोळ होतो. ती कायमची नाही. २०२४ साली संक्रांत १५ तारखेला होती, आणि साधारण ७० वर्षांत एक दिवस या गतीने ती पुढेच जात राहणार आहे.

मग वाक्प्रचार आला कुठून? पंचांगातून. संक्रांत ही तिथे नुसती तारीख नसते, देवता असते. दर वर्षी तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कोणत्या दिशेकडून येते, कुठे जाते आणि कुठे पाहते, हे सगळे छापलेले असते. ती जे वापरते ते महागते आणि जिकडे पाहते तिकडे अनिष्ट होते, ही जुनी समजूत. तिची नजर आपल्यावर वळू नये या धास्तीतून ‘संक्रांत येणे’, ‘संक्रांत बसणे’, ‘संक्रांत कोसळणे’ हे सगळे प्रयोग निघाले आहेत. त्याला लढाईची गरज नाही.

पानिपताने मराठीला जे दिले ते वेगळे आणि खात्रीचे आहे. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता पराभव. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ ही दुसरी देणगी. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव तिथे गोळी लागून पडले, आणि त्यांच्या नावावरून लोकांनी ‘विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यासाठी एक कायमचे उत्तर तयार केले. ‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही’ हा सावकारी पत्रातला सांकेतिक निरोपही तिथलाच. दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई आणि बुणगे, म्हणजे छावणीबरोबरचे न लढणारे लोक.

‘ध’चा ‘मा’ खरोखर झाला होता का? आणि काही जण ‘ध’चा ‘म’ लिहितात ते चालेल का? (पुणे)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची किल्ली त्यात आहे. ‘म’ चालणार नाही. कानाच महत्त्वाचा आहे. मूळ आज्ञेत ‘नारायणराव यांस धरावे’ असे होते, म्हणजे कैद करावे, आणि ते बदलून ‘मारावे’ केले, अशी हकीकत आहे. ‘ध’च्या जागी नुसता ‘म’ घातला तर शब्द होतो ‘मरावे’, आणि ‘नारायणराव यांस मरावे’ हे वाक्य व्याकरणात बसतच नाही. मरणे अकर्मक, मारणे सकर्मक. त्या काना देण्यानेच पकडण्याचा हुकूम खुनाचा झाला. ‘रावे’ ही दोन अक्षरे मात्र जशीच्या तशी राहिली, म्हणून बदल पटकन ध्यानात आला नाही.

घटना अशी. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराची मागणी करत गारदी, म्हणजे पगारी पहारेकरी शिपाई, शनिवारवाड्यात शिरले. सुमेरसिंग त्यांच्या म्होरक्यांपैकी एक. नारायणराव पेशवे काका रघुनाथराव यांच्याकडे धावले (‘काका, मला वाचवा’ हे शब्द इथलेच) आणि तिथे मारले गेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले.

अक्षर बदलल्याची आणि ते आनंदीबाईंनी केल्याची हकीकत ग्रँट डफच्या १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे, आणि आनंदीबाईंचे नाव त्यात ‘सगळे असे मानतात’ या स्वरूपात येते. म्हणजे ही गोष्ट घटनेनंतर ५३ वर्षांच्या आत पक्की रुजलेली होती. नाटक-सिनेमांनी ती बनवलेली नाही, हे तिच्या बाजूने. पण लोक मानतात ही साक्ष झाली, पुरावा नव्हे. रघुनाथरावांवरचा ठपका न्यायाधीशाच्या चौकशीतून आला आहे, आनंदीबाईंवरचा लोकांच्या तोंडून. दोन्हींचे वजन एकच धरणे आम्हाला अन्यायाचे वाटते. वाक्प्रचार जरूर वापरा. ‘किंचित फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे’ यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे काही मराठीत नाही. मात्र तेवढ्यावरून एका बाईला शिक्षा ठोठावू नका.

‘औट घटकेचा राजा’ यातले औट म्हणजे काय? इंग्रजी ‘आउट’शी संबंध आहे का? (नागपूर)

काहीही नाही. औट म्हणजे साडेतीन. मराठीत अपूर्णांकांना स्वतंत्र नावे आहेत: पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट. पैकी औट मागे पडला. संस्कृतात ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथ्यातला अर्धा. तीन पूर्ण झाले आणि चौथा अर्ध्यावर आहे. प्राकृतात त्याचे ‘अद्धुट्ठ’ झाले आणि घासत घासत औट. अडीच हा शब्दही ‘अर्धतृतीय’ या तशाच घडणीतून आलेला आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पाठोपाठ औटकी घोकावी लागे: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा तो पाढा. माणसाचा देह त्याच्याच हाताने साडेतीन हात भरतो, म्हणून संतवाङ्मयात ‘औट हात’ म्हणजे शरीर.

आता घटका. दिवसरात्रीच्या ६० घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. ती मोजायला घटिकापात्र असे. तांब्याची पातळ वाटी, तळाला बारीक भोक, आणि ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. भोकातून पाणी चढत जाऊन वाटी बुडाली की एक घटका भरली. लगेच काढून, पाणी झटकून पुन्हा सोडायची. भोकात कचरा अडकला किंवा वाटी सोडायला उशीर झाला की वेळ चुकलीच, म्हणून मुहूर्ताच्या वेळी त्यावर एक माणूस खास बसवत. औट घटका म्हणजे अशा साडेतीन वाट्या, ८४ मिनिटे. जेमतेम दीड तासाचे राज्य.

राजा कोण? दंतकथेतला शिराळशेठ. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा मोठा दुष्काळ १३९६ ते १४०७ या काळातला. त्यात या वाण्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, बादशहा खूश झाला, काय हवे ते माग म्हणाला, आणि त्याला साडेतीन घटका गादी मिळाली, अशी ती कथा. तिला दप्तराचा आधार मागू नये, पण तिच्या मागे चालू प्रथा आहे हे विसरूही नये. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, शिराळशेठीची मातीची मूर्ती करून मिरवायची आणि त्याच दिवशी विसर्जन करायचे. मूर्तीचे राज्यही तेवढ्यापुरतेच.

एक खबरदारी घ्या. शिवलीलामृतातल्या श्रियाळ–चांगुणेची, म्हणजे चिलया बाळाची कथा वेगळी आहे. नावाच्या सारखेपणामुळे दोन्ही कथा एकमेकींत मिसळतात. चिलयाच्या बापाला कोणी साडेतीन घटका राज्य दिले नव्हते.

लग्न जमवताना ३६ गुण जुळले तर सर्वोत्तम. मग भांडणाऱ्यांत ‘छत्तीसचा आकडा’ कसा? (नाशिक)

दोन्ही ३६ वेगळे. गुणमेलनातली संख्या बेरजेची आहे. वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. एकूण ३६. भांडणातला ३६ हा बेरजेचा नसून चित्राचा आहे. देवनागरीत ३६ लिहून पाहा. ३चे पोट डावीकडे उघडे, ६चे उजवीकडे, म्हणजे दोघांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या. उलट ६३ लिहिले की दोघे समोरासमोर तोंड करून बसतात, म्हणून गाढ स्नेहाला ‘त्रेसष्टचा आकडा’ म्हणतात. इंग्रजी आकड्यांत हे इतके स्पष्ट दिसत नाही. तिथे दोन्ही आकड्यांची तोंडे वेगळ्याच घडणीची. मुलांना हा वाक्प्रचार समजत नाही अशी शिक्षकांची तक्रार असते, तिचे कारण एवढेच. फळ्यावर आकडा देवनागरीत काढा, समजावून सांगावे लागणार नाही.

‘साडेतीन शहाणे’ कोण? आणि अर्धा कोण? (अकोला)

सखारामबापू बोकील (पुणे दरबार), देवाजीपंत चोरघडे (नागपूरकर भोसले), विठ्ठल सुंदर (निजाम) हे तीन पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. लोक घाईत ‘देवा, सखा, विठा, नाना’ असे म्हणतात. पैकी विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत, गोदावरीकाठी, मारले गेले.

नानांची अर्धी पायरी पाहून बऱ्याच वाचकांना वाईट वाटते. ती बुद्धीची मोजणी नाही. त्या काळी पुरुषाचे शहाणपण कलम आणि तलवार मिळून पूर्ण होई. पहिले तिघे मसलतीबरोबर मोहिमेवरही उभे राहत, नाना मात्र रणांगणातले नव्हते. अर्धे गेले ते तलवारीचे. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले, तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंट पामरने लिहिले की त्यांच्याबरोबर मराठी राज्यातले सारे शहाणपण आणि संयम गेला. परक्याने तरी अर्ध्याचा पूर्ण हिशेब मांडला.

याच जातीची उपनावे तेव्हा खूप होती. उत्तरेत झपाट्याने मुलूख मारणारे रघुनाथराव ‘राघोभरारी’, १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर पुणे सोडून गेलेले दुसरे बाजीराव ‘पळपुटे’. ‘अटकेपार झेंडा लावणे’ रघुनाथरावांच्याच १७५८च्या स्वारीतून आले. अटक हा सिंधूकाठचा किल्ला. रघुनाथराव स्वतः लाहोरहून मागे फिरले, पुढे अटक आणि पेशावरपर्यंत गेल्या त्या त्यांच्या सरदारांच्या फौजा. म्हणीत नाव मात्र स्वारीच्या मुख्याचे राहिले.

‘अठरा विश्वे दारिद्र्य’ यात अठराच का? (लातूर)

सर्रास दिले जाणारे उत्तर: विश्वे म्हणजे विसे, १८ गुणिले २० बरोबर ३६०, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. ऐकायला नीटस आहे आणि विसांनी मोजायची रीत आपल्याकडे होतीच. पण आम्हाला दुसरा अर्थ अधिक पटतो. विश्वा किंवा बिस्वा म्हणजे विसावा भाग. उत्तरेत बिघ्याचे वीस बिस्वे होतात, आणि हिंदीत ‘बीसों बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, खात्रीने. त्या मापाने अठरा विश्वे म्हणजे विसातले अठरा हिस्से. जवळजवळ सगळेच, दोन हिस्से काय ते उरलेले. पहिल्या अर्थात गुणाकार ऐकणाऱ्याला डोक्यात करावा लागतो. म्हणी तसे काम ऐकणाऱ्यावर सहसा टाकत नाहीत.

‘बादरायण संबंध’ म्हणतात, पण बादरायण तर ब्रह्मसूत्रे लिहिणारे ऋषी. त्यांचा दूरच्या नात्याशी काय संबंध? (बेळगाव)

ऋषींचा संबंध नाही. बदरी म्हणजे बोर. कोणी अनोळखी पाहुणा एका घरी गाडी घेऊन उतरला. यजमानाला वाटले बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटले नवऱ्याकडचा. पाहुणचार झाला. निघताना नाते विचारले तर पाहुण्याने श्लोक म्हटला: ‘अस्माकं बदरीचक्रं युष्माकं बदरीतरुः। बादरायणसम्बन्धाद् यूयं यूयं वयं वयम्॥’ आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, तुमच्या दारात बोरीचे झाड, एवढ्या नात्याने तुम्ही तुम्ही आणि आम्ही आम्ही. ऋषींच्या नावाशी असलेला सारखेपणा ही श्लोककर्त्याची गंमत. वापरताना एक पथ्य पाळा: खरे पण लांबचे नाते असेल तिथे हा शब्द लावू नका. चुलत मामेसासऱ्याचे नाते बादरायण नाही. ते नातेच आहे.

‘बोलाफुलाला गाठ’ यातले फूल कोणते? (फोंडा, गोवा)

तुमच्याकडे हे रोज पाहायला मिळते. देवळात कौल किंवा प्रसाद लावतात तेच हे फूल. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या ठिकाणी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, देवापुढे प्रश्न मांडायचा, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी कोरडी लावली तर टिकत नाही, फार ओली असेल तर प्रश्नाआधीच ओघळते. म्हणून हे काम सरावाच्या हाताने, गुरवाने किंवा पुजाऱ्यानेच करायचे असते. तोंडातून बोल निघायला आणि फूल पडायला एकच वेळ आली की बोलाफुलाला गाठ पडली. आता देऊळ मागे राहिले आणि कुठल्याही योगायोगाला आपण तेच म्हणतो. घाटावर ही कौलाची रीत अनेकांनी पाहिलेली नसते, त्यामुळे तिकडून ‘बोलफुले नावाचे दोन मित्र होते’ अशा गोष्टी येतात. त्या टाकून द्याव्यात.

‘चारसोबीस’ आणि ‘तडीपार’ हे शब्द गुन्हेगारांच्या भाषेतले की पोलिसांच्या? नवा कायदा आल्यावर ‘चारसोबीस’चे काय? (ठाणे)

दोन्ही कायद्यातून रस्त्यावर आले. भारतीय दंडसंहिता १८६०ची. तिचे कलम ४२० फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याचे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आणि दंड. हे कलम इतक्या तक्रारींत लागे की आकडाच माणसाचे विशेषण झाला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तोच गुन्हा आता कलम ३१८, पोटकलम ४ मध्ये येतो. शिक्षा तेवढीच. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांवर मात्र अजून ४२०च लागते, त्यामुळे कोर्टाच्या बोर्डावर हा आकडा आणखी काही वर्षे दिसेल. बोलण्यातून तो जाईल असे आम्हाला वाटत नाही. ‘तीनशे अठरा चार’ला जिभेवर लय नाही.

तडीपारीची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहे (पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत). कलम ५५ टोळीसाठी, ५६ धोकादायक व्यक्तीसाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यासाठी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. आदेशापूर्वी कलम ५९ खाली नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते, आणि कित्येक आदेश टिकत नाहीत ते या पायरीवर घाई केल्याने. तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे पैल काठाला लावलेला, हद्दीबाहेर काढलेला. ‘काम तडीस नेणे’ यातली तडही हीच. नाव काठाला लागली की काम पुरे झाले.

‘सुपारी देणे’चा आजचा भीषण अर्थ कधीपासून? (कल्याण)

नक्की साल सांगण्याचा मोह टाळतो, पण वाट स्पष्ट आहे. सुपारी हातात देणे म्हणजे बोली पक्की करणे, ही आपल्याकडची जुनी व्यवहाराची रीत. लग्नात ‘सुपारी फोडली’ म्हणजे सोयरीक ठरली. वाजंत्री, कीर्तनकार, तमाशाचा फड यांना ठरवले की ‘सुपारी घेतली’ म्हणतात. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रेचे कारभारी येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात, आणि ती सुपारीच असते. मुंबईच्या गुन्हेगारांनी नवे काही बनवले नाही, हाच शब्द उचलला: काम ठरले, रक्कम ठरली, विसार दिला. तेव्हा एखादा कलावंत ‘पुढच्या महिन्यात चार सुपाऱ्या आहेत’ म्हणाला तर दचकू नये, मूळ अर्थ त्याच्याकडे आहे. ‘विडा उचलणे’ याच्या शेजारचे आहे, पण वेगळे. दरबारात तबकात विडा ठेवून ‘ही कामगिरी कोण करतो?’ असे विचारत. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात उचलला तो असा. विड्यात आव्हान आहे, सुपारीत करार.

असे मूळ घरबसल्या तपासायचे तर कसे? (डोंबिवली)

मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) इंटरनेटवर शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात मोफत शोधता येतो. शोधणारे अडतात ते लेखनावर. कोशात जुने लेखन आहे: ‘करणें’, ‘नाकीं’, ‘घेणें’. १९६२च्या नियमांनंतर आपण हे अनुस्वार सोडले, त्यामुळे आजच्या लेखनात शोधले की काही सापडत नाही आणि ‘कोशात नाही, म्हणजे शब्द नवा’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पूर्ण म्हण टाकू नका. तिच्यातले मुख्य नाम घ्या, अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना दोन्ही रूपे टाका, आणि त्या नोंदीच्या आत खालपर्यंत वाचा. वाक्प्रचार नामाच्या पोटात दिलेले असतात. म्हण १८५७च्या कोशात सापडली आणि तुमची गोष्ट १९००ची असेल, तर गोष्ट बाद. म्हण सापडली नाही तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहा, मग शेजारच्या भाषा. हिंदी, गुजराती किंवा कानडीत तीच म्हण तशीच असेल तर ती पुण्याच्या एखाद्या वाड्यात जन्मली असण्याचा संभव फार कमी.

भेंडीबाजार म्हणजे ‘बिहाइंड द बझार’चा अपभ्रंश, हे खरे का? (दादर)

साहेबाचे इंग्रजी आणि आपल्या लोकांची जीभ यांवर रचलेली गोष्ट आहे. नाव भेंडीच्या झाडांवरून पडले. भाजीची भेंडी नव्हे. हा पारस पिंपळ, समुद्राच्या काठाला वाढणारा वृक्ष. पाने पिंपळासारखी, पण पिंपळाचे लांब टोक नसते. फुले सकाळी पिवळी, सुकताना लालसर. मुंबईच्या जुन्या गॅझेटियरनेही झाडावरूनच व्युत्पत्ती दिली आहे. आजूबाजूची नावे पाहिली की शंका राहत नाही: चिंचपोकळी, चिंचबंदर, उंबरखाडी, वडाळा, फणसवाडी, ताडदेव. ज्या वस्तीने अख्खे शहर झाडांवरून ओळखले तिला या एकाच बाजारासाठी इंग्रजी शब्दयोगी अव्यय उसने घ्यावे लागले असेल, हे पटत नाही. झाड ओळखायचे असेल तर कोकण किनाऱ्यावर कुंपणाला लावलेले सहज सापडते. फांदी जमिनीत खोचली तरी जगते, म्हणून लोक ते कुंपणाला लावतात.

‘ये रे माझ्या मागल्या’च्या पुढे काय? (पंढरपूर)

‘ताककण्या चांगल्या.’ कण्या म्हणजे जोंधळ्याचा किंवा तांदळाचा भरडा, तो शिजवून ताकात कालवला की गरिबाचे जेवण. चार दिवस बऱ्याचे खाऊन माणूस पुन्हा त्याच ताककण्यांवर आला, असा पूर्ण अर्थ. अर्धी म्हण वापरल्यामुळे आज ती फक्त ‘जुन्या खोडीवर येणे’ एवढीच उरली आहे. पुढचा भाग जोडून म्हणून पाहा, बोलणाऱ्याची तक्रार खोडीबद्दल नसून ताटाबद्दल होती हे कळेल.